लेकीच्या घरचं पाणी

आमच्या घरात कुठं जायचं निघालं की आधी भांडण होतं, मग तिकिटं निघतात. आग्र्याचं तेवढं उलटं झालं, आधी तिकिटं, मग भांडण. लेक लग्न होऊन आग्र्याला गेली त्याला पाच वर्षं झाली, पण आम्ही कुणी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. तीच यायची, जावयाला घेऊन, कधी दिवाळीला, कधी मे महिन्यात. या वर्षी तिनं फोनवर बजावलंच, "फेब्रुवारीत इथली थंडी सरते. तू, पप्पा आणि आजी, तिघंही या. तीन दिवस का होईना, या."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. सोलापुराच्या पलीकडं त्या फार तर पुण्यापर्यंत गेलेल्या. आग्र्याला जायचं म्हटल्यावर मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "जाऊ की. पोरीचं घर बघाय नको व्हय?"

मग काय, आमच्या ह्यांना जोर चढला. हे शाळेत भूगोल शिकवायचे, आता रिटायर झालेत. भिंतीवर भारताचा नकाशा लावला, त्यावर लाल पेनानं गाडीचा रस्ता काढला. बंगळूरहून येणारी गाडी सोलापुरात कधी, मनमाडला कधी, भोपाळला रात्र होईल का, कोणत्या स्टेशनावर चहा बरा मिळतो. मी दुकानातनं दमून यायची (माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, लग्नसराईत मान वर करायला सवड नसते) आणि हे दारातच, "अगं, चंबळ नदी लागते बरं का वाटेत!" मी म्हणायची, "लागू दे. आत्यांना खालचा बर्थ मिळाला का ते सांगा आधी."

गल्लीतल्या बायका एकच विचारायच्या, "ताजमहाल बघाय चाललाव व्हय?" आत्या म्हणायच्या, "त्यो कुटं पळून चाललाय? मी नात बघाय चालली."

खरंच होतं ते. ही नात आत्यांनीच वाढवलेली. मी सकाळी दुकान उघडायला बाहेर पडायची, ती थेट दिवे लागल्यावर घरी. पोरगी आत्यांच्या ताटात जेवायची. वेगळं ताट वाढलं तर तोंड फिरवायची. आत्या भाकरीचा पापुद्रा काढून दुधात बुडवून तिला आधी भरवायच्या, मग स्वतः खायच्या. कॉलेजात गेली तरी भूक लागली की ती आजीच्याच ताटात हात घालायची, आणि मी ओरडायची, "घोडी झालीस की आता!"

आता भांडणाचं सांगते. आमच्यात एक रीत आहे. लेकीची कूस उजवल्याशिवाय माहेरच्या मोठ्या माणसांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतंय हे? मी नाही पाळत, ह्यांचंही तसं काही नाही. पण आत्या पाळतात, आणि कडक पाळतात. लेक येताना आग्र्याचा पेठा आणायची, डबेच्या डबे. आत्या डबा हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझं दात न्हाईत बाई, तुमी खावा." पेठ्याला दात कशाला लागतात, सांगा बरं! मला सगळं कळत होतं, पोरीलाही कळत होतं. ती डबा उचलून फळीवर ठेवायची.

तिकिटं निघाली त्याच दिवशी आत्यांनी कडक भाकऱ्यांचा घाट घातला. मंद आचेवर भाकरी तव्यावर दाबून दाबून कोरडी करायची, ती पापडासारखी होते आणि महिनाभर टिकते. गाडीपुरत्या करतील असं मला वाटलं. पण रोज दुपारी त्या करतच राहिल्या. डबा भरला, दुसरा भरला. मी विचारलं, "आत्या, एवढ्या कशाला?"

"तीन दीस राहायचंय की तितं. माझं मला."

"आणि पाणी?"

"बाटल्या घिऊ. ठेसनावर मिळत्यात."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पोरीच्या घरात बसून, पोरीच्या समोर, ही बाई डब्यातनं भाकरी काढून खाणार! मी ताडताड बोलले. त्यांनी तव्यावरची भाकरी तेवढी उलटली.

माझ्या रागाला कारण होतं, आणि ते आत्यांना माहीत नव्हतं. लेकीचं एक बाळ पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, तेवढं घरात सगळ्यांना ठाऊक. पण त्यानंतर तिनं किती सुया टोचून घेतल्या, किती दवाखाने केले, ते फक्त मला ठाऊक. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आशा धरू नका. दोघांनी बसून ठरवलं, आता बास. औषधं बास, आपण दोघं आहोत ते पुरे. मला फोनवर सांगताना रडली नाही ती. फक्त म्हणाली, "मम्मी, आजीला सांगू नकोस. तिला नाही सोसायचं. आणि एक कर. तिला एकदा माझ्या घरी घेऊन ये. माझ्या हातचं तिनं जेवावं, एवढंच पाहिजे मला. आता ती कशाची वाट बघणार आहे?"

म्हणजे तिला सहल नको होती. एक ताट वाढायचं होतं तिला. आणि इथं डबे भरत होते.

ह्यांना मी एवढंच म्हटलं, आत्या तिथं जेवणार नाहीत, पोरीला वाईट वाटेल, काहीतरी करा. आता शिक्षक माणूस, काहीतरी करा म्हटल्यावर गप्प कसा बसेल? दोन दिवसांनी संध्याकाळी हसत आले. पोरीच्या घराजवळच्या एका लॉजवर खोली घेतली होती. शिवाय एक विजेची शेगडीही आणली. म्हणाले, "आई तिथं जेवेल, आपण पोरीकडं जेवू. कुणाच्या समोर प्रश्नच नको!" आणि हे सगळं जावयाला फोन करून कळवूनही मोकळे झाले होते. जावई बिचारा भला माणूस. तो म्हणाला म्हणे, "पापाजी, हमारे यहाँ भी बुज़ुर्ग यही मानते हैं, आप बिल्कुल संकोच मत कीजिए." ह्यांना वाटलं, वा, दोन्हीकडं पटलं!

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी दुकानात कटिंग करत असताना पोरीचा फोन आला. आवाज अगदी शांत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मम्मी, आजी लॉजवर राहणार आहे?"

"अगं, तुझ्या पप्पांनी..."

"मग येऊ नका. खरंच नका येऊ. माझ्या गावात येऊन माझ्या घरात नाही राहायचं, तर कशाला एवढ्या लांब? मी येईन मे महिन्यात. नेहमीसारखी."

तिनं फोन ठेवला. हातातलं कापड मी वाकडं कापून बसले. गिऱ्हाईकाचं कापड! दुकान बंद केलं आणि भर दुपारी घरी गेले.

आत्या तव्यापुढं बसल्या होत्या. फडक्यानं भाकरी दाबत होत्या. मी चप्पलही काढली नसेल, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरीनं जे सांगू नकोस म्हटलं होतं तेही सांगितलं. बाळ व्हायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, दोघांनी औषधं बंद केलीत, ती तुम्हाला एकदा जेवू घालायला बघतेय आणि तुम्ही डबे भरताय. माझा आवाज चढला होता, शेजारी ऐकू गेला असेल.

आत्यांनी गॅस बंद केला. भाकरी तव्यावरच राहिली.

"कवा सांगितलं तिनं?"

"दिवाळीच्या आधी."

"आनि तू मला आता सांगतीस." एवढंच म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं, आणि इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं ते बोलू लागल्या.

"माज्या पोटी बी लई वर्सं काय न्हवतं. माजा बा मंगळवेढ्यासनं यायचा मला बघाय. पायरीवर बसायचा. आत येत नसं. धडप्यात भाकरी बांधून आणल्याली असायची, ती सोडून खायाचा. म्या कालवण करून ठिवल्यालं असायचं. हात जोडलं म्या, पाय धरलं. म्हनायचा, तुजी वटी भरू दे, मंग चुलीम्होरं मांडी घालून जेवतो बग. पाणी बी प्यायचा न्हाई. रस्त्याच्या नळावर जाऊन वंजळीनं प्यायचा. मी दारातनं बघायची." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "तुजा मालक पोटात राह्यला, तवर बा गेल्याला."

मला आणखीच राग आला. मी म्हटलं, "मग तुम्हाला ठाऊक होतं की आत्या! कसं वाटतं ते ठाऊक होतं, तरी पोरीला तेच करताय?"

"बा काय माज्यावर रुसल्याला न्हवता." त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या. "त्येला वाटायचं, त्येनं उपाशी राहून पाळलं तर देव माज्याकडं बगंल. मी बी तसंच पाळत हुते. मला वाटायचं, आपुन सोडलं आनि तिचं झालं न्हाई, तर? पेठा लई आवडतो मला. पर खाल्ला असता तर रातभर झोप आली नसती."

मी खाली बसले. पाच वर्षं मी ह्या बाईला हट्टी म्हणत होते, आणि ही पोरीसाठीच तोंड बांधून बसली होती. मी त्यांचा हात धरला, तो पिठानं भरलेला होता. रडायला मला कधीच लवकर येत नाही, पण त्या दिवशी आलं.

हे घरी आले, सगळं ऐकलं, भिंतीवरच्या नकाशाकडं पाहत बसले. मग त्यांना पुन्हा सुचलंच. "आई, असं करू. ज्वारीचं पीठ आपल्या घरचं न्यायचं. भाकरी पोरीनं करायची. अन्न आपलंच झालं, रीतही राहिली आणि तिच्या हातचंही झालं." आत्यांचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, असू दे बाई, एवढं तरी होऊ दे.

रात्रीच्या जेवणाआधी व्हिडिओ कॉल लावला. लेक समोर आली, डोळे सुजलेले. आत्यांना फोन कसा धरायचा कळत नाही, त्यामुळं तिला नुसतं आजीचं कपाळ दिसत होतं. आत्यांनी पिठाचं सांगितलं.

पोरगी म्हणाली, "नको आजी. पीठ नको आणूस. माझ्या घरात पीठ आहे."

हे माझ्याकडं बघायला लागले, मी जमिनीकडं. आत्यांनी फोन मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. पीठसुद्धा सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं होतं. एवढी वर्षं धरून ठेवलेलं ते लेकरू सोडायचं होतं, जे अजून कुणी पाहिलंही नव्हतं.

"कसलं पीठ हाय?" त्यांनी विचारलं.

"गव्हाचं. चपात्या करीन. आणि बटाट्याची भाजी, तुला आवडते तशी."

"तिकट कर जरा. तिकडची माणसं सप्पक खात्यात म्हनं."

"करीन."

"आनि ठेसनावर न्यायला येशील न्हवं?"

"येणार की, आजी. दोघंही येणार."

"मंग तुज्या घरनं पाण्याची बाटली भरून घिऊन ये. गाडीतनं उतरल्या उतरल्या पिनार हाय मी. घरी जाईस्तवर मला दम न्हाई."

लेकीनं तोंडावर हात धरला. तिला सगळं कळलं, मी तिचं गुपित फोडलं हेही कळलं. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "आजी, पण बाळाचं...?"

"त्येचं ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "मी तुला भेटाय येतीया."