कोरड्या तलावातले डेप्युटीसाहेब

डेप्युटीसाहेब गोल्फ खेळत आणि त्यासाठी त्यांच्याकडे एकच काठी होती. नऊ नंबरची, आखूड, तोंड आभाळाकडे वळलेली. तरुणपणी नाशिककडे नोकरीला असताना लष्करी मैदानाच्या कडेला उभं राहून ते हा खेळ शिकले आणि निवृत्त होणाऱ्या एका मेजरकडून ती काठी त्यांनी मागून घेतली. लांब पल्ल्याची काठी का घेतली नाही, असं विचारलं की म्हणत, "लांब कुणीही मारतो. माणूस हरतो तो जवळ आल्यावर."

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडच्या एका दैनिकाने मला तिकडे पाठवलं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंग ताजा होता आणि पाऊस नव्हता. डेप्युटीसाहेब लघुपाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. निलंग्याच्या रस्त्यालगत त्यांनी बांधलेला पाझर तलाव दोन पावसाळे कोरडाच राहिला होता. गावात त्याला 'साहेबाची परात' म्हणत. कामावरून परतताना साहेब जीप थांबवून याच परातीत उतरत आणि अंधार पडेपर्यंत खेळत.

तलावात ज्यांचं रान गेलं होतं ते वीरभद्रअप्पा बांधावर बसून हा खेळ बघत. कपाळाला भस्म, डोक्याला पटका, जिभेला धार. त्यांची उरलेली जमीन आणि विहीर बांधाच्या खालच्या अंगाला होती. तलाव भरला की पाणी जमिनीतून पाझरून त्या विहिरीला लागेल, असं साहेबांनी जमीन घेताना सांगितलं होतं. विहिरीत सोडलेली बादली आता तळाला आडवी पडत होती. अप्पा रोज विषय काढत.

"चांगलं रान घेतलं, अन् आता त्यात गोट्या खेळायलेत. माझ्या विहिरीचं काय, साहेब?"

"पाऊस पडू द्या, अप्पा."

"हे तर मलाबी म्हणता येतं. त्याला इंजिनेर कशाला लागतो?"

साहेब पुढचा चेंडू ठेवत.

जमीन मुरमाड आणि भाजून निघालेली. चेंडू पडला की थांबायचं नाव घेत नसे. भोक म्हणजे जमिनीत पुरलेला दूध पावडरचा डबा. भोवतालची जागा साहेब गोणपाट ओढून गुळगुळीत करत. मलाही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. भार डाव्या पायावर, मनगट घट्ट, हात लोलकासारखे. "भोकाकडे बघून मारू नका. चेंडू कुठं पाडायचा तेवढं ठरवा. पुढचं जमिनीवर सोडा." माझे चेंडू बांधाच्या दगडांत जात. साहेब न हसता म्हणत, "तुम्हाला बातमीची घाई असते. इथं नाही चालत."

अशा कोरड्या मैदानांवर भोकाभोवती वाळूत जळकं ऑईल मिसळतात, म्हणजे चेंडू फार पळत नाही, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. जीपच्या ड्रायव्हरने ते लक्षात ठेवलं आणि एक दिवस कॅन भरून ऑईल आणलं. साहेबांनी तो कॅन उघडूही दिला नाही.

"इथं उद्या पाणी येणार आहे. जनावरं पितील."

पावसाचं नक्षत्र कोरडं चाललं होतं. आभाळात ढग नव्हता. अप्पांनी साहेबांचं ते बोलणं ऐकलं. थोड्या वेळाने बांधावरून खाली उतरले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "आणा इकडं ती काठी." पहिल्याच फटक्यात त्यांनी मुरमाचं ढेकूळ उडवलं, चेंडू जागेवरच राहिला. दुसऱ्या दिवसापासून दोघे खेळू लागले. विहिरीचा विषय बंद झाला नाही, फक्त दोन फटक्यांच्या मध्ये निघू लागला.

तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसाने तलाव भरला. मी बातमीसाठी पोचलो तेव्हा गाव पाणी बघत होतं आणि साहेब बांधाच्या मागच्या पायथ्याशी चिखलात वाकले होते. तिथे पाणी झिरपत होतं. ते गढूळ असेल तर बांध आतून धुपतोय, असा त्याचा अर्थ. साहेबांनी ओंजळ भरली, उजेडाकडे धरली आणि अप्पांपुढे नेली. नितळ होतं.

अप्पांनी ओंजळीत पाहिलं. मग म्हणाले, "डबा बुडाला, साहेब."

"बुडू द्या."

पुढे साहेबांची बदली नांदेडकडे, हिमायतनगरला झाली. जाताना ते काठी आणि उरलेले चेंडू अप्पांच्या ओसरीवर ठेवून गेले. मी हिचं काय करू, असं अप्पांनी विचारलं. साहेब म्हणाले, "साप मारा."

उन्हाळ्यात त्या रस्त्याने जाताना मी बांधावर चढलो. पाणी निम्म्यावर आलं होतं. खाली अप्पांच्या विहिरीवर मोटर चालू होती. पाणी ओसरलेल्या काठावर हराळी पसरली होती आणि तिच्यात अप्पा उभे होते, भार डाव्या पायावर, मनगट घट्ट. पुढे नवा डबा पुरलेला. चेंडू सुरेख उचलला गेला, ठरल्या जागी पडला आणि तिथेच थांबला.

"पळतच न्हाई आता," अप्पा म्हणाले. "गवत आलंय." मी नांदेडला निघालोय हे कळल्यावर त्यांनी निरोप दिला. "वाट वाकडी करून साहेबाला सांगा, इथं चेंडू आता जरा पुढं पाडावा लागतो."