चार बोटं खाली

मोटरसायकलवाले रस्त्यात एकमेकांना ओळख देतात, हे गाडी न चालवणाऱ्यांच्या सहसा लक्षातच येत नाही. माझी बायको कित्येक वर्षं माझ्या मागे बसून पावस ते रत्नागिरी करत आली. पण समोरून येणाऱ्याने हात केला म्हणजे तो ओळखीचाच असणार, असं ती धरून चालायची. "कोण होता ओ तो?" "माहीत नाही." "मग हात कशाला केलात?"  तो गाडीवर होता, मी गाडीवर होतो, एवढंच.

आमच्या उमेदीत हे प्रकरण साधं होतं. हनुवटी जराशी उचलायची, नाहीतर हॉर्नला अंगठा लावायचा. पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रस्त्यात गुरं बसली असतील तर समोरच्याला दिवा मिचकावून दाखवायचा. पोलीस उभे असतील तर हेल्मेटवर थाप मारायची. मग शनिवार-रविवारी मुंबईचे, कोल्हापूरचे गडी किनाऱ्याच्या रस्त्याने येऊ लागले, गुडघ्यांना ढाली बांधलेले, आणि त्यांनी नवी रीत आणली. डावा हात सोडायचा, मांडीच्या खाली न्यायचा आणि दोन बोटं जमिनीकडे रोखायची. तुझी दोन्ही चाकं जमिनीवर राहू देत, असा त्याचा अर्थ. आमच्याकडच्या पोरांनी ती लगेच उचलली. मीही उचलली, वयाला न शोभणाऱ्या उत्साहाने.

मग माझा डावा पाय गेला. अपघातात नाही. तसं असतं तर निदान सांगायला एखादी गोष्ट तरी झाली असती. अंगात साखर होती, टाचेत काटा मोडला, जखम चिघळली आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. मोटरसायकलचे गिअर डाव्या पायाने पडतात. रबरी पायाला गिअर लागला की नाही ते कळत नाही, हे मी अंगणात बरेच दिवस करून पाहिलं आणि शेवटी गाडी विकली. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही.

बिनगिअरची स्कूटर घेतली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवून घेतलं, परवान्यावर तशी नोंद करून आणली आणि पुन्हा रस्त्यावर आलो. लोकांना वाटतं, चार चाकं म्हणजे आरामाचं काम, पडायची भीती नाही. बसून बघा एकदा. मोटरसायकल वळणावर कलते, ही कलत नाही. वळणात ही तुम्हाला बाहेर फेकू बघते, मग बूड सरकवून आतल्या बाजूला ओणवावं लागतं. मोटरसायकल खड्ड्याच्या कडेने काढता येते. हिचं एक चाक वाचवलं की दुसरं हमखास खड्ड्यात. पावसहून रत्नागिरीला कचेरीत पोचेपर्यंत माझ्या कमरेचा भुगा व्हायचा, आणि तरी मी खूश होतो, कारण मी स्वतः चालवत आलेलो असायचो.

ती खुशी भाट्याच्या पुलावर उतरली. समोरून एक बुलेटवाला येत होता. माझ्या पुढे एक मोटरसायकल होती, मागे एक. त्याने पुढच्याला दोन बोटं केली. मीही हात खाली नेला. माझ्यापाशी येताना त्याचा हात वर गेला, हँडलवर बसला, आणि मी मागे पडल्याबरोबर पुन्हा खाली गेला, माझ्या मागच्यासाठी. मी आरशात बघितलं. त्याने मला मुद्दाम टाळलं असतं तर मी विसरलो असतो. त्याला मी दिसलोच नव्हतो. त्याच्या हिशेबी त्या पुलावर दोन गाड्या होत्या आणि मध्ये काहीतरी होतं.

ज्यांना मी दिसायचो ते त्याहून वाईट. ते अंगठा दाखवायचे. कपभर दूध संपवलेल्या पोराला दाखवावा तसा, हसून, मान हलवत. एकाने तर चालत्या गाडीवरून छातीला हात लावून मान झुकवली. मी कचेरीत फायली चढवायला निघालो होतो, लढाईवर नव्हे. माझ्या तोंडात त्या दिवशी जे आलं ते बायकोने घरी ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं वाटलं म्हणून केलं असेल हो त्याने. तुम्हाला सगळ्याचाच राग." सगळ्याचा नाही. मला दयेचा राग आहे. ती दुरून करायला सोपी असते, आणि घेणाऱ्याला ती नको म्हणायचीही सोय नसते.

तेव्हा मी ठरवलं की आता वाट बघायची नाही. समोर मोटरसायकल दिसली की आधी मीच हात खाली न्यायचा, आणि दोन नाही, चार बोटं दाखवायची. माझी चाकं चार. ती चारही जमिनीवर राहोत, आणि कोणाला हिशेब हवा असेल तर त्याने येऊन मोजावीत. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "मॅच चालू आहे काय? चौकार कुणाला देताय?" पण मी सोडलं नाही. काही जण गोंधळायचे. काही जण सवयीने दोन बोटं परत द्यायचे आणि पुढे गेल्यावर मान वळवून बघायचे. बघोत. मान वळवावीशी वाटली यातच माझं निम्मं काम झालेलं असायचं.

एका संध्याकाळी गोळप गावाच्या जरा अलीकडे समोरून आलेली एक मोटरसायकल दोन बोटं करून गेली, वळली आणि मागून येऊन मला आडवी थांबली. हेल्मेट निघालं तेव्हा आत एक मुलगी होती, पंचविशीची. रत्नागिरीत एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, हे मला नंतर कळलं.

"ओ काका, दोन बोटं दाखवली की दोनच दाखवायची असतात. ही चार कसली?"

"चाकं मोज," मी म्हटलं.

तिने खरंच मोजली. खाली उतरून, बोट लावून. "पुढचं एक, मागचं एक, ही दोन. हां, मग बरोबर आहे." ती हसली नाही की हळहळली नाही. उलट म्हणाली, "मी बघू चालवून?" मी उतरलो, काठी काढली, तिला किल्ली दिली. ती दिमाखात निघाली आणि पहिल्याच वळणाला सवयीने अंग कलवून बसली. गाडी काही कलली नाही, ती सरळ रस्त्याकडेच्या दगडी गडग्याच्या अंगावर गेली. कसाबसा ब्रेक लागला. परत आली ती घामाघूम. "अवघड आहे ओ ही!" पाय गेल्यापासून इतकं बरं मला कोणी काही बोललं नव्हतं. त्यांचा मोटरसायकलवाल्यांचा एक गट होता, रविवारी मांडवीवरून निघून पूर्णगडापर्यंत जाणार होता. "तुम्ही पण या," ती म्हणाली. मी तिच्यासमोर जरा विचार केल्यासारखं दाखवलं.

रविवारी उजाडता उजाडता मी मांडवीला पोचलो. हेल्मेट, हातमोजे, टाकी भरलेली. पंचवीस-तीस गाड्या ओळीने लागल्या होत्या. गटाचा म्होरक्या, मोबाईलचं दुकान असलेला एक उमदा तरुण, मला बघून धावतच आला. मनाने तो वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"या या काका! तुमचीच वाट बघत होतो."

"ओळीत माझी जागा कुठे?" मी विचारलं.

"तुमचा मान पहिला!" असं म्हणून त्याने मला गाडीवरून उतरवून एका फलकापुढे उभं केलं, खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. मग माईकवर बोलला. माझ्या जिद्दीबद्दल बोलला. माझ्याकडे बघून तरुणांनी काय शिकावं ते बोलला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. ती मुलगी ओळीत मागे होती. तिने माझ्याकडे बघून खांदे उडवले, म्हणजे हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग म्होरक्याने माझ्या हातात हिरवा झेंडा दिला. "आता काका, तुम्ही झेंडा दाखवायचा, आणि आम्ही निघायचं."

"आणि मी?"

"तुम्ही कशाला त्रास घेताय? चढाची घाटी आहे, खड्डे आहेत. तुमचा नाश्ता पार्सल करून ठेवलाय, काकूंचा पण."

आमच्याकडे माणसाला बाजूला करायची ही फार सभ्य पद्धत आहे. हाकलून द्यायचं नाही, सत्कार करायचा. शाल अंगावर पडली की माणूस भांडू शकत नाही, आणि नारळ हातात असला की हँडल धरू शकत नाही. कचेरीतही निवृत्त होणाऱ्याला असंच करतात आणि तो रडतो. मी रडणार नव्हतो. माझं काय पणाला लागलंय ते मला स्वच्छ दिसत होतं. आज मी झेंडा दाखवून घरी गेलो, तर या गावात मी गाडीवाला म्हणून संपलो. यापुढे दर वर्षी मला बोलावतील, शाल घालतील आणि घरी पाठवतील.

 शालीची घडी करून सीटखालच्या डिकीत घातली, वर नारळ ठेवला. स्कूटरवर बसलो, हेल्मेटचा पट्टा आवळला, गाडी सुरू केली. म्होरक्याला वाटलं, काका बसूनच झेंडा दाखवणार. मी झेंडा दाखवला, नीट, दोनदा. आणि झेंड्यासकट मीच निघालो.

क्षणभर मागे नुसते इंजिनांचे आवाज. मग एकेक गाडी हलली. दुसरं काय करणार होते? झेंडा दाखवून झाला होता आणि रस्ता एकच होता.

मला वाटलं, मी जिंकलो. भाट्याचा पूल ओलांडला, सुरूच्या बनावरून पुढे चढ लागला आणि माझ्या लक्षात आलं की मला कोणीच ओलांडत नाहीये. इतक्या दमदार गाड्या, आणि सगळ्या माझ्या मागे माझ्या वेगाने, वरातीसारख्या. मी हाताने खुणावलं, जा पुढे. कोणी जाईना. म्होरक्या तर सगळे दिवे लुकलुकवत चालला होता, रुग्णवाहिकेला वाट द्यावी तसा. शाल डिकीत कोंबली तरी ती अंगावरून उतरली नव्हती. मी इतका संतापलो की गाडी पळेल तेवढी पळवली, आणि ती माझी गाडी, पळून पळून पळणार किती?

गोळपच्या सड्यावर एक डावं वळण आहे. माझ्या गाडीला ते आतून घेता येत नाही, उजवीकडे जरा बाहेर काढून घ्यावं लागतं. मी बाहेर काढली, आणि नेमक्या त्याच वेळी उजवीकडून एक गाडी मला ओलांडायला आली. करकचून ब्रेक वाजला. तिचं मागचं चाक खडीवर सरकलं, सावरलं. मी थांबलो. ती तीच मुलगी होती, आणि हेल्मेट काढायच्या आधीच तिने तोंड सोडलं होतं.

"डोळे फुटलेत काय ओ? आरशात बघायचं कोणी? पाय गेलाय ना, हात तर शाबूत आहेत? मग इंडिकेटर द्यायला काय होतं?"

मागची सगळी वरात थांबली. माझा पाय गेलाय हे रस्त्यावर मोठ्याने कोणी म्हटलंच नव्हतं आजवर. म्होरक्या घाईघाईने पुढे आला. "अगं, बोलतेस काय? त्यांची परिस्थिती बघ जरा."

"परिस्थितीचं काय?" ती त्याच्यावरही उसळली. "गाडी चालवतायत ना ते? मग वळताना सांगायचं मागच्याला. मी आपटले असते आत्ता!"

 डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते हेल्मेटच्या आत आलं. चार चाकांवर आल्यापासून मी चुकीच्या बाजूने गेलो, वाटेत आडवा थांबलो, तरी माझ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. सगळे हसून वाट द्यायचे. आणि ही पोरगी माझ्यावर चिडली होती, दुसऱ्या कुठल्याही गाडीवाल्यावर चिडली असती तितकीच, तसूभरही कमी नाही. मग मीही काच वर केली आणि तिच्यावर तितक्याच जोरात ओरडलो. वळणावर ओलांडतं का कोणी? कोणी शिकवलं तुला? परवाना काय जत्रेत मिळाला? तिने तिचं सुनावलं, मी माझं. म्होरक्या मध्ये पडायला बघत होता, त्याला आम्ही दोघांनीही हाताने बाजूला केलं. बाकीचे कंटाळले आणि एकेक करून आम्हाला ओलांडून पुढे निघून गेले.

इंडिकेटर मी दिला होता. उन्हात तिला दिसला नसेल. ती आजही नाहीच म्हणते, आणि भेटलो की आम्ही तिथूनच सुरू करतो.