डब्यातून गेलेलं बोलणं

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला, जुन्या शहरात आले, तेव्हा सासरी दोन रेडिओ होते. आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे. एक रेडिओ समोरच्या खोलीत मामंजींजवळ. दुसरा यांनी मोडक्या सामानातून जोडलेला, तो मधल्या खोलीत आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खाटेशी. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता. त्यांना भजनाच्या रेकॉर्डी ऐकायच्या असत आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र तर वरच्या खोलीत, यांच्या पसाऱ्यात.

मग यांनी बिस्किटाच्या डब्यात काहीतरी बसवलं. वर रेकॉर्ड लावली की मधे तारबीर काही नसताना ती खाली रेडिओवर वाजायची. मला हे बरेच दिवस समजलंच नाही. आत्याबाईंची आवड रेडिओवाल्यांना कशी ठाऊक, असं वाटायचं. एकदा भजन अडकलं, तोच शब्द पुन्हा पुन्हा. हे खालून ओरडले, "अवं, वर जाऊन सुई उचल!" मी उचलली तर खालचा रेडिओ गप्प. आपण सरकारचं काहीतरी बंद पाडलं असं वाटून मी हात पदरात घेऊन तशीच उभी राहिले.

हे दुकानात गेले की रेकॉर्ड बदलायचं काम माझ्याकडे असे. पुढे यांनी डब्याला बोलायची एक गोल चकती लावली.

"याच्यात बोल. खाली आईले ऐकू जाते."

पहिल्यांदा बोलताना मी डोक्यावर पदर घेतला. "आत्याबाई, दुसरी लावते," एवढंच म्हणाले. खालून त्यांचा आवाज आला, "मोठ्यानं बोल ना वं! घरात तोंड उघडत नाही, रेडिओत तरी उघड!"

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अमरावतीला ठरलं. पत्रिका आली, पण घरात कोणी विषय काढेना. कारण मला माहीत होतं. माझ्या लग्नात मामंजींचा मान करायचा राहून गेला होता. बाबांनी त्यांच्यासाठी शाल आणली होती, ती गडबडीत पेटीतच राहिली. वऱ्हाड निघून गेल्यावर आईच्या लक्षात आलं. मामंजींनी शालीचं नाव कधी काढलं नाही. "त्या घरची रीत बरोबर नाही," एवढंच म्हणत. सुनेनं सासऱ्यांशी बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्यांना पाणी हवं असलं तरी ते भिंतीकडे पाहून "पाणी सांगा" म्हणायचे. यांना विनवलं तर म्हणाले, "मी नाही बा त्यायच्या तोंडी लागत. तू आईले सांग." आणि आत्याबाईंनी नुसतं वर पाहिलं की मी भाजीचं काहीतरी विचारून परत फिरायचे.

एका दुपारी रेकॉर्ड बदलायला वर गेले. खोलीत कोणी नव्हतं. समोर तो डबा. मी चकती हातात घेतली आणि बोलत सुटले.

"आत्याबाई, धाकटीले हळद मीच लावीन असं मी तिले सांगितलं आहे. मामंजींचा राग शालीसाठी आहे, मले माहीत आहे. ती शाल बाबांनी आणली होती हो, पेटीत राहून गेली. मामंजी नाही आले तरी चालते, पण मले पाठवा."

मी रेकॉर्ड लावायचीही विसरले आणि खाली आले. आत्याबाई गाढ झोपल्या होत्या. समोरच्या खोलीत मामंजी भिंतीला टेकून बसलेले, त्यांचा रेडिओ बंद. कोणीच ऐकलं नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि त्याच गोष्टीचं रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारीण म्हणाली, "काहून वं, एका शालीसाठी रुसले काय तुझे मामंजी?"

माझी कळशी भरून वाहायला लागली.

"तुमाले कोणी सांगितलं?"

"आता घ्या! चांगलं गाणं चालू होतं, त्याच्या मधे तूच तर बोलून राहिली होती आमच्या रेडिओत!"

दुसरी म्हणाली, "आमच्याकडे तर पाव्हणे बसले होते. तेही म्हणे, पाठवा बिचारीले."

मी घरी येऊन यांना विचारलं. यांचा चेहरा पडला. "त्याले काय भिंत समजते? जवळच्या साऱ्याच रेडिओत जात असन."

"मग समोरच्या खोलीतल्या?"

"चालू असला तर त्याच्यातही."

चालू होता का? मी खाली आले तेव्हा बंद होता. पण तो कधी बंद झाला, माझ्या बोलण्याआधी की नंतर, हे कोणाला विचारणार? दिवसभर काम सुचेना. भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवेना.

संध्याकाळी मामंजी बाजारातून आले, तेच चपला आपटत. जेवताना भिंतीकडे पाहून यांना म्हणाले, "तो कापडवाला मले म्हणते, या, चांगली शाल दाखवतो. अन् बाजूचे हसून राहिले. मी काय शालीचा भुकेला आहो?"

हे मान खाली घालून म्हणाले, "कोणती शाल?"

"कोणतीच नाही! त्यायले सांग, कपडे भरून ठेवा. आपून सारेच जाऊ लग्नाले. पाहू दे लोकायले."

माझं बोलणं मामंजींना लोकांकडून कळलं होतं की त्यांनी स्वतः ऐकलं होतं? त्यांच्या बोलण्यावरून मला काही उमगलं नाही. मी दारामागे उभी होते. "त्यायले" म्हणजे मीच, हे कळायलासुद्धा मला वेळ लागला.

लग्नात बाबा शाल घेऊन पुढे आले तर मामंजींनी हात आडवा केला. मग काय झालं कोण जाणे, बाबांनी काहीतरी म्हटलं, मामंजी हसले आणि खांदा पुढे केला. मी बायकांमध्ये होते, धाकटीच्या हळदीनं हात भरलेले. एवढ्या वाजंत्रीत तिथलं काही ऐकू येत नव्हतं.