चौथ्या दिवशी भरणारा समुद्र

आमच्या बंदरात समुद्र चौथ्या दिवशी यायचा. मी आणि माझी मैत्रीण, दोघी नववीत, पडेगावच्या एकाच कॉलनीतल्या. दोघींनी समुद्र पाहिलेला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते पैठणच्या धरणाचं, सहलीच्या एसटीतून. भरती-ओहोटी भूगोलात पाठ होती, पण पाणी आपलं आपण येतं-जातं यावर आमचा विश्वास बसत नव्हता. पाणी कुणीतरी सोडावं लागतं. म्हणून आमच्या नकाशात बंदराच्या तोंडाशी आम्ही एक व्हॉल्व्ह काढला. तो उघडला की दोन तास समुद्र भरायचा, चिखलात बसलेली जहाजं उभी राहायची आणि तेवढ्यात सगळा व्यापार उरकायचा.

व्यापार जोरात होता. गंगापूरचा कापूस आणि पैठणचं रेशीम जायचं. लवंगा, काच, घोडे यायचे. धक्क्यावरच्या हमालांच्या घरांनाही गच्ची होती, हा माझा आग्रह. नकाशा वाढतच गेला, कारण कागद फुकट होता. माझे वडील पत्रकं काढायचे. धरणग्रस्त, विडी कामगार, शिष्यवृत्त्या, विषय कुठलाही चालायचा. उरलेले गठ्ठे पलंगाखाली पडलेले असायचे, मागची बाजू कोरी. बाराखडीनंतर ही थेट 'जाहीर निषेध' वाचायला लागली, असं आई माझ्याबद्दल सांगायची.

त्यामुळे बंदराचं राज्य कसं चालवायचं हे मीच ठरवायचे. ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी तो राजा होऊन बसणार, हे मला दिसत होतं. मी पुठ्ठ्याच्या चावीचे तीन तुकडे केले, तीन पंचांसाठी एकेक. तिघं धक्क्यावर जमल्याशिवाय समुद्र उघडायचा नाही.

"आन् एखादा रुसला तर?" मैत्रिणीनं विचारलं. तिचं घर मूळचं गंगापूरचं. वडील त्याच रस्त्यावर जीप चालवायचे.

"तर चर्चा होईल."

"लई भारी. एकाचं तोंड वाकडं झालं की समद्यांची जहाजं चिखलात."

तिला चावीच नको होती. ज्याला पाणी लागेल त्यानं उघडावं. मी त्याला अराजक म्हणाले. तो शब्द मला त्याच आठवड्यात मिळाला होता. एका कलमावर मात्र आमचं जमलं. पंचानं दुसऱ्या पंचाचं नाव घ्यायचं नाही; ज्यानं चूक केली त्यानं स्वतः धक्क्यावर येऊन सांगायचं. पंच आम्ही दोघीच होतो. तिसरी जागा रिकामी होती.

कॉलनीचीही स्वतःची टाकी होती. बोअरचं पाणी तिच्यात साठायचं आणि चौथ्या दिवशी सुटायचं. आधी पुढच्या बंगल्यांना, शेवटी मागच्या लायनीतल्या भाड्याच्या खोल्यांना. मैत्रीण मागच्या लायनीत राहायची. माझे वडील कॉलनीच्या समितीचे सचिव, म्हणून व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी आमच्या दाराआड टांगलेली असायची.

एका मंगळवारी दुपारी मी ती काढली. भरती सुरू होताना कसा आवाज येतो एवढंच मला ऐकायचं होतं. "नको गं," मैत्रीण म्हणाली, आणि तरी आली. टाकीजवळच्या खड्ड्यातला मागच्या लायनीचा व्हॉल्व्ह मी साडेचार फेरे उघडला. जमिनीखाली काहीतरी घरंगळत लांब गेलं. आम्ही खड्ड्यावर वाकून ऐकत बसलो. मग उलटे फेरे दिले, चावी अडली, मला वाटलं बंद झालं. झालं नव्हतं. शेवटचा अर्धा फेरा मोठ्या माणसाच्या जोरानं बसायचा.

मागच्या लायनीतली माणसं नळाखाली बादली ठेवून, नळ उघडा टाकूनच कामाला जायची, आलं तर तेवढं तरी पाणी मिळावं म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळी टाकी त्या नळांतून नाल्याला गेली. दुसऱ्या दिवशी पुढच्या एका बंगल्यात हळद होती. त्या दुपारी लायनीत घरी होती ती फक्त मैत्रिणीची आई, आणि तिचे दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले सापडले. समितीला एवढं पुरलं. जीपवाल्याच्या घरात नट फिरवायचे पाने असतातच, चावी कशाला लागते, असं कुणीतरी म्हणालं. रविवारी टाकीपाशी बैठक ठरली. मागच्या लायनीचा पाइप तोडायचा आणि त्या कुटुंबाला खोली सोडायला लावायची.

वडील शेजारच्या खोलीत होते. चार पावलं चालून 'मी केलं' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कार्बन घालून पत्रकाच्या चार प्रती काढल्या. मथळा 'जाहीर सवाल'. पुराव्याशिवाय शिक्षा देणारी समिती कोणाची? पाणी ही पुढच्या बंगल्यांची मेहेरबानी आहे काय? लिहिताना माझे कान तापले होते. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं. पत्रकात 'मी' नसतो, 'आम्ही' असतो, आणि त्या 'आम्ही'त लपायला भरपूर जागा असते.

शुक्रवारी सकाळी कणकेच्या खळीनं चिकटवलेलं ते पत्रक टाकीवर दिसलं. "चोरी ती चोरी, वर पत्रकबाजी," शेजारचे काका म्हणाले. हे मागच्या लायनीचंच काम, असं ठरून गेलं. समितीतले जे दोघं 'जाऊ द्या' म्हणत होते, तेही बिथरले. वडिलांनी उभ्यानं सगळं वाचलं. मग एक कोपरा उचलून कागदाची मागची बाजू पाहिली. तिथं त्यांचंच जुनं पत्रक छापलेलं होतं. "भाषा बरी आहे," ते म्हणाले आणि अंगठ्यानं कोपरा परत दाबला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शनिवारी मैत्रीण भेटली. "वाचलं," म्हणाली.

"कसं झालंय?"

"समदं हाय त्यात. एक सोडून."

रविवारी तिची आई टाकीपुढं उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. पाणी चोरलं का, असं तिला तीनदा विचारलं.

"नळाला पाणी आलं, म्या भरलं. नळाला इचारायचं असतं व्हय, तू चोरीचा हायेस का म्हणून?"

कुणी हसलं नाही. मैत्रिणीचे वडील म्हणाले, "वाद नको साहेब. जीप दारातच हाय. संध्याकाळपर्यंत सामान भरतो." मैत्रीण आईला चिकटून उभी होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. तिनं एकदा माझं नाव घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं. ती घेत नव्हती. आमचं कलम ती पाळत होती, स्वतःचं घर जात असताना.

मी भाषणाची तयारी करून गेले होते. त्यातलं काहीच निघालं नाही. "चावी मी काढली. व्हॉल्व्ह मी उघडला. तो नीट बंद झाला नाही."

"घ्या, सेक्रेटरीसाहेबांचीच पोरगी," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि पत्रक?" वडिलांनी विचारलं.

"तेही."

ते घरी गेले, चावी घेऊन आले आणि टाकीच्या पायरीवर ठेवली. "ही आता माझ्या घरात राहणार नाही."

पाइप तुटला नाही, खोली सुटली नाही. मैत्रिणीच्या आईची माफी मात्र कुणीच मागितली नाही. लोक हळदीला झालेल्या त्रासाबद्दल बोलत पांगले. मीही मागितली नाही. माझ्याजवळून जाताना मैत्रिणीची आई थांबली. "पाच दिवस लागले गं तुला," एवढंच म्हणाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मैत्रीण घरी आली. उंबऱ्याच्या आत पाय न टाकता तिनं नकाशा मागितला, ते कलम शोधलं आणि 'स्वतः धक्क्यावर येऊन सांगायचं' याच्यापुढं बॉलपेननं 'त्याच दिवशी' असं लिहिलं. मग चावीचे तुकडे मागितले. मी पुठ्ठ्याचे तिन्ही तुकडे दिले. एक तिनं मला परत केला, दोन स्वतःच्या मुठीत ठेवले.

"तिसरी पंच माझी माय," ती म्हणाली. "तिला इचारल्याबिगर आता समुद्र उघडायचा नाय."