शनिवारचा उपास

माझी सून बीडच्या एका दवाखान्यात दहा वर्षं नर्स होती. नोंदणी झालेली, पक्की नर्स. दोन लेकरांची आई झाल्यावर तिनं नोकरी सोडली आणि नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. दोन वर्षांचं शिक्षण. कावून, असं मी विचारलं तर म्हणाली, "मामा, माझ्या हाताखाली शिकल्याल्या पोरी पदवी घेऊन येत्यात अन् माझ्यावर बसत्यात. काम मला जास्त येतं, पर कागदावर त्या वर."

हे मला पटलं. मी तिसरी शिकलेला माणूस. कागदावर खाली असणं काय असतं, ते मला कुणी सांगायची गरज नाही. आमच्या विहारात दर रविवारी उभा राहून पोरी शिकवा, सुना शिकवा म्हणून सांगणारा मीच. पण तेच शिक्षण माझ्या स्वतःच्या बोटापर्यंत आलं तेव्हा मी मागं सरलो.

झालं असं. दुसऱ्या वर्षाला तिला एक कुटुंब धरून त्याची फाइल करायची होती. चार महिने त्या घरी जायचं, तपासायचं, समजावून सांगायचं आणि सगळं लिहून काढायचं. तिनं आमचंच घर धरलं, कारण मला साखरेचा आजार आणि मी कुणाचं ऐकत नाही, हे सगळ्या पाली गावाला माहीत. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी परवानगी दिली, पण बजावलं की घरच्यांचे आकडे आम्ही दोनदा बघतो.

आता आमच्याकडं सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मी ओसरीवर आलो की ती डोक्यावर पदर घेऊन उठायची. दवाखान्यात तिनं हजारो परक्यांचे हात धरले असतील, ते काम झालं. पण घरात, माझ्यापुढं बसून, माझा हात हातात घेऊन बोटाला सुई टोचायची म्हणजे काय? मी म्हणालो, गावात म्हातारी माणसं लई हायेत, त्यातलं एखादं धर. आठ दिवस मी अडून बसलो. शेवटी माझी म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, तिला तुमचं नाक नको. एक बोट द्या, बास."

पुढच्या रविवारी सकाळी मी हात पुढं केला आणि मान दुसरीकडं केली. आकडा लई मोठा आला. वहीत लिहिताना सुनेचं तोंड उतरलं. मला वाटलं, झालं, हिचे मार्क गेले. ज्याचा पेशंट खराब, त्याची परीक्षा खराब, असा माझा हिशोब.

मग मी माझा इलाज काढला. सून रविवारी मोजायची, म्हणून मी शनिवारी जेवण बंद केलं. गोळी तेवढी घ्यायची, पाणी प्यायचं आणि बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीपर्यंत दोनदा चालून यायचं. घरात सांगायचं की चहाच्या दुकानावर खाल्लं. बाकी सहा दिवस माझा चहा आणि गूळ-भाकर होतीच.

दुकानवाला लिंगायत, माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. शनिवारी मी चहाला नाही म्हणतो हे त्यानं तिसऱ्याच आठवड्यात हेरलं. म्हणाला, "का बे, तुमच्यात कवापासून शनवार धरायला लागले?" माझ्या बापानं ते उपास, ते वार सगळं सोडून धम्म घेतला, आणि मी त्याच्या दुकानासमोर शनिवार धरल्यासारखा उभा. मला ते लई लागलं. तरी मी खरं सांगितलं नाही. सुनेच्या पदवीसाठी एवढी बोलणी खाल्ली.

रविवारचा आकडा मात्र खाली यायला लागला. सून खूश. आपण सांगितलेला आहार लागू पडला, असं तिनं फाइलीत लिहिलं. मीही मान डोलावली.

चौथ्या महिन्यात तिनं माझं रक्त प्रयोगशाळेत दिलं. त्या तपासणीत मागच्या तीन महिन्यांची साखर एकदम कळते म्हणे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती साखर आली डोंगराएवढी. फाइलीतले आकडे एक सांगतात, रक्त दुसरंच. मॅडमनी तिला विचारलं की हे आकडे न मोजताच लिहिलेत का. तसं ठरलं असतं तर फाइल रद्द आणि वर्ष वाया. ती घरी येऊन हे सगळं म्हातारीला सांगत होती, रडत नव्हती, नुसती सपाट आवाजात. भिंतीच्या अलीकडं मी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी धोतर-टोपी घालून मी बीडला गेलो आणि विचारत विचारत तिच्या वर्गात शिरलो. तीस-चाळीस पोरी बसलेल्या. मला बघून सून उठली, आणि सवयीनं तिचा हात डोक्याकडं गेला. अंगात पांढरा कोट, पदर कुठला? हात तसाच खाली आला. मॅडमनी विचारलं, आजोबा, तुम्ही कोण?

"फाइलीतला पेशंट," मी म्हणालो. "आकडे तिनं खरेच लिहिलेत. खोटा मी हाय. दर शनवारी मी उपाशी ऱ्हायलो. बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं घासत्यात न्हाई का, तसं."

पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. चक्कर यायची का, एवढंच त्यांनी विचारलं. दोनदा आली होती, धरणावर. तसं सांगितल्यावर सून सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली. "गोळ्या खाऊन उपाशी? त्यानं माणूस जातं, मामा." आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यापुढं आवाज चढवून बोलली आणि मला राग आला नाही.

मॅडमनी फाइल रद्द केली नाही. काय चुकलं ते लिही म्हणाल्या, आणि आणखी एक महिना मोज, वार न सांगता. सुनेनं ते पान लिहून मला वाचून दाखवलं. त्यात होतं, की आपला आकडा म्हणजे सुनेचे मार्क असं रुग्णाला वाटत होतं, आणि हे तिनं त्याला विचारायला हवं होतं. मी म्हणालो, चूक माझी, तू कावून अंगावर घेती?

"पेशंट लपवतोच, मामा. कावून लपवतो ते हुडकायचं काम माझं."

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तिला सगळ्यात जास्त त्याच पानावर विचारलं. ती पास झाली. आता ती एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळते.

निकालानंतर चार दिवसांनी ती सकाळीच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, यंत्र घेऊन. मी म्हणालो, आज मंगळवार हाय.

"म्हनूनच," ती म्हणाली.

मी बोट पुढं केलं. आणि काल दुकानावर दोन पेढे खाल्लेत, तिच्याच पदवीचे, हे सुई टोचायच्या आधीच सांगून टाकलं.