वजनात धरलेला डबा

दोन हजारच्या दशकात काही वर्षे मी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या वरच्या अंगाला एका शाळेत शिक्षक होतो. एका एप्रिलमध्ये वरून परिपत्रक आले. शाळेने वीज वाचवावी आणि टाकाऊ प्लास्टिक गोळा करावे. विजेचे काम सोपे होते. भारनियमनामुळे शाळेच्या वेळेत वीज नसेच. बटणांखाली 'गरज नसताना दिवे बंद ठेवा' अशी पट्टी चिकटवली, काम संपले. प्लास्टिकचे मात्र वजन कळवायचे होते आणि ते काम माझ्याकडे होते.

मी वर्गावर्गांत सांगितले, घरातले फुटके-तुटके प्लास्टिक आणा. चूक तिथेच झाली. पाड्यावर फुटलेली वस्तू टाकत नाहीत. तेलाच्या डब्याला भोक पडले की विळा चुलीत तापवतात, भोकावर प्लास्टिकचा तुकडा ठेवतात आणि वितळवून डाग देतात. असा डबा पुढे कित्येक उन्हाळे पाणी वाहतो. मुलांच्या हिशेबी तो फुटकाच. सोमवारी असे बावीस डबे आले. मी ते तोलले, वहीत नोंदले आणि खोलीला कुलूप लावले. डाग मला दिसले होते. मी विचारले नाही.

टँकर दर तिसऱ्या दिवशी येई आणि विहिरीत पाणी सोडी. अर्ध्या तासात विहीर पुन्हा कोरडी. बुधवारी सकाळी सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली.

"गुरुजी, माझा डबा द्या. आज टँकर यायचा हाय."

हेडमास्तर म्हणाले, "नोंद झालीय. तालुक्याचे साहेब शुक्रवारी ढीग बघायला येणार. तोवर काही हलवता येत नाही."

"म्हंजे शुक्रवारपर्यंत पोरांना तान लागायची नाय?"

"बाई, तुमच्याच मुलीनं आणून दिलाय."

"ती उद्या बापालापन आणील. तोपन मोडकाच हाय. ठेवाल तोलून?"

हेडमास्तर हसले नाहीत. तेवढ्याच वजनाचे दुसरे काही आणा, मग बदलून देऊ, असे त्यांनी सुचवले.

"दुसरं असतं तं हा मागाया आली असती का?"

चढावर टँकरचा आवाज आला. किल्ली इतका वेळ माझ्याच खिशात होती. मी खोली उघडली. "जबाबदारी तुमची, सर," हेडमास्तर म्हणाले. तिने डागावरून आपला डबा ओळखला आणि धावत गेली. विहीर शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवर होती. ती पोहोचली तेव्हा तळाशी गढूळ पाणी उरले होते. तिने तेच भरले. खोली उघडल्याचे तिथे तिने इतर बायकांना सांगितले असावे. अर्ध्या तासात त्या येऊन बाकीचे एकवीस डबेही घेऊन गेल्या. विहीर तोवर आटली होती.

खोलीत दुधाच्या पिशव्या आणि फरसाणाची पाकिटे राहिली. ती शहापुराहून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा शिक्षकांची होती.

शुक्रवारी साहेबांनी विचारले, "एवढंच?"

"लोकांत जागृती नाही, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"मग तसं अहवालात घ्या."

अहवाल मला लिहायचा होता. मी तसे घेतले.