बर्फातली बोटं

एन्झाइमच्या नळीला हात लावण्याआधी कर्णिकबाई आपली बोटं बर्फात बुडवून ठेवायच्या. अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेत मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बाईंना भाजलंय. विचारलं, तर म्हणाल्या, "हाताची ऊब सोसत नाही गं त्याला."

ते एन्झाइम माणसाचं होतं. माणसाचा जीन जिवाणूंत घालून त्यांच्याकडून करवून घेतलेलं आणि गाळून-निवडून शुद्ध केलेलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याचं केवढं अप्रूप! तोवर बाईंनी बाजारातल्या बकऱ्याच्या कलेजीतून काढलेल्या एन्झाइमवर भागवलं होतं. स्वतः अंडंही न खाणारी बाई, पण कलेजी शिळी निघाली तर खाटकाशी भांडायची. एका झाडाच्या मुळातून त्यांनी औषध वेगळं काढलं होतं. ते माणसाच्या एन्झाइमला आवरतं का, एवढं त्यांना निवृत्तीआधी बघायचं होतं. एन्झाइम परदेशातून आलेलं, थेंबभर. पुन्हा मिळणार नव्हतं.

आणि ते मरायला लागलं. सकाळी पातळ केलेलं दुपारी ढिम्म. मी म्हटलं, "बाई, चिमूटभर अल्ब्युमिनचं प्रोटीन घालू या ना. नुसतं शुद्ध ठेवलं की एन्झाइम काचेला चिकटून बसतं."

"भेसळ नको. माझं औषध त्या अल्ब्युमिनलाच चिकटलं तर?"

हट्टी बाई. कधीकधी डोक्यात जायच्या अगदी.

डबाही एकट्याच खायच्या, खिडकीकडे तोंड करून. आई गेल्यापासून पार्ल्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. रविवारी जेवायला या, असं मी किती वेळा म्हटलं असेल. "मला सवय आहे गं," हे उत्तर ठरलेलं.

एन्झाइम संपत आलं तेव्हा बाई नमल्या. औषध अल्ब्युमिनला चिकटत नाही, हे आधी पडताळलं आणि मगच अल्ब्युमिन घातलं. एन्झाइम दिवसभर टिकलं. औषधाने त्याला आवरलंही. बाई आलेखाकडे बघत बसल्या.

"सोबत हवी होती त्याला," त्या म्हणाल्या.

मी लगेच म्हटलं, "मग रविवारी येताय ना?"

"एन्झाइमचं वेगळं गं," असं म्हणून त्या नळ्या धुवायला गेल्या.

निवृत्त झाल्यावर बाईंचा पत्ताच नव्हता. मग एका गुरुवारी लॅबमध्ये त्यांचा फोन आला. "रविवारी काय असतं गं तुमच्याकडे?"

"वालाचं बिरडं."

"येते मग."

मी शुक्रवारीच वाल भिजत घातले. शनिवारी त्यांच्या शेजारणीने कळवलं, बाई झोपेतच गेल्या.

पार्ल्याला गेले तर घरात चार माणसं. मला बाईंचा रागच आला, खरं सांगते. इतकी वर्षं बोलावत होते, तेव्हा नाही आल्या. जवळ बसून त्यांचा हात हातात घेतला. गार होता, पण तसा तो नेहमीच असायचा. मी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. ऊब लागून बिघडेल असं आता काही नव्हतं.